किविरॅह्कच्या कादंबरीत खरं लोकसाहित्य किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आंद्रुस किविरॅह्क या एस्टोनियन लेखकाची ‘द मॅन हू स्पोक स्नेकिश’ तुम्ही इंग्रजीतून वाचली. आवडली, पण गोंधळ उडाला. एस्टोनियाचा इतिहास ठाऊक नसल्यामुळे यातलं अस्सल लोकसाहित्य कुठलं आणि लेखकाच्या पदरचं कुठलं, हे कळेना. शिवाय ‘लोप पावणाऱ्या संस्कृतीचा शोक’ असं कुठेतरी वाचून तुम्ही पुस्तक हातात घेतलं होतं, आणि प्रत्यक्षात लेखक त्या संस्कृतीचीच यथेच्छ टर उडवताना दिसला. तर तो नक्की कुणाच्या बाजूचा? शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की तुम्हाला कोकणातल्या देवचार-राखणदारांवर काही लिहायचंय, म्हणून या पुस्तकाकडून काय शिकता येईल तेही हवंय.

मी महाविद्यालयात लोकसाहित्य शिकवते. ही कादंबरी मी अधूनमधून वर्गात घेते. ती अभ्यासक्रमात नाही, पण लोककथेचं साहित्यात काय होतं हे दाखवायला इतकं सोयीचं पुस्तक मला दुसरं मिळालेलं नाही. माझं वाचनही इंग्रजीतूनच, क्रिस्टोफर मोझलीच्या 2015 सालच्या भाषांतरातून झालेलं. मूळ पुस्तक 2007 चं.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या मते तो एकच आहे. ‘यातलं अस्सल किती’ हा प्रश्न वाचक म्हणून तुम्हाला पडला खरा, पण कादंबरीतली माणसंही पानोपानी त्याच प्रश्नावरून एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत. कादंबरीत काही लोक जंगलातच राहिलेत, बाकीचे गावात जाऊन शेती करू लागलेत. जंगलातल्यांना वाटतं आपण अस्सल, गावातले बाटले. गावातल्यांना वाटतं आपण माणसात आलो, जंगलातले अडाणी राहिले. लेखक कुणाच्या बाजूचा हे कळायचं असेल, तर त्याला या ‘अस्सल’पणाबद्दल काय वाटतं ते आधी पाहावं लागतं.

किती पार्श्वभूमी हवी, हे तुम्ही कशासाठी वाचता त्यावर आहे. निव्वळ मजेसाठी वाचायचं तर काहीच नको. सापांशी गप्पा, लांडगिणींचं दूध आणि बायकांच्या मागे लागलेली रंगेल अस्वलं एवढ्यावर पुस्तक सहज निघतं. लिहिण्यासाठी वाचत असाल, तर मात्र एस्टोनियन वाचक शाळेपासून डोक्यात काय घेऊन येतो ते समजून घ्यावं लागेल, कारण विनोदाचा रोख तिकडे आहे.

तर शाळेत काय शिकवलं जातं? 1868 साली तार्तू शहरात कार्ल रॉबर्ट याकोब्सन नावाच्या राष्ट्रवादी लेखकाने एक भाषण केलं. त्यात त्याने एस्टोनियन लोकांच्या इतिहासाचे तीन भाग पाडले: आधी उजेडाचा काळ, मग अंधाराचा, आणि आता पहाट. उजेड म्हणजे तेराव्या शतकापूर्वीचं स्वातंत्र्य. अंधार म्हणजे जर्मन सरदार, डॅनिश राजा, धर्मयुद्धं, चर्च आणि त्यापाठोपाठ आलेली वेठबिगारी. या मांडणीतूनच ‘सातशे वर्षांची गुलामगिरी’ हे वाक्य घराघरात रुजलं. मांडणी सगळी खोटी नव्हती. 1208 पासून 1227 पर्यंत क्रूसेड चाललंच. 1217 मध्ये लेंबितू हा एस्टोनियन सरदार लढाईत पडला, 1219 मध्ये डॅनिश फौज आजच्या टालिनला उतरली, 1227 मध्ये सारेमा बेटाने शेवटची शरणागती पत्करली. पुढे जमीन जर्मन जहागीरदारांकडे गेली आणि शेतकरी कुळाचा वेठबिगार झाला. ती वेठबिगारी कायद्याने सुटली 1816 आणि 1819 साली. ‘आधी सुवर्णयुग, मग परकीयांचा अंधार, आता पुनरुत्थान’ हा साचा आपल्याला अनोळखी नाही, त्यामुळे हे फार समजावत बसत नाही.

किविरॅह्कचा नेम या साच्यावर आहे. जर्मन सरदारांना तो सोडत नाहीच, पण त्याची जास्त गंमत चालते ती सुवर्णयुगावर.

आता तुमच्या ‘किती खरं’कडे. वर्गात मी मुलांना कादंबरीतली एकेक गोष्ट घेऊन ती कुठल्या थरातून आली ते शोधायला लावते. काही गोष्टी थेट मौखिक परंपरेतल्या, संकलकांनी गावोगाव फिरून लिहून घेतलेल्या. काही एकोणिसाव्या शतकातल्या साहित्यिकांनी ‘लोककथा’ म्हणून छापलेल्या, पण त्यांच्या हाताने बऱ्यापैकी घडलेल्या. आणि काही किविरॅह्कच्या स्वतःच्या. गंमत मधल्या थरात आहे, म्हणून तिथे थोडी थांबते.

एस्टोनियन लोकसाहित्याचं संकलन हे एक अफाट प्रकरण आहे. याकोब हुर्त या धर्मोपदेशकाने 1888 मध्ये वर्तमानपत्रातून जाहीर आवाहन केलं: गाणी, म्हणी, कथा, समजुती, जे आठवेल ते लिहून पाठवा. शेतकरी, शाळामास्तर, चर्चचे कारकून यांनी पाठवलेला मजकूर लाखाहून जास्त पानांचा झाला. आज तो तार्तूच्या लोकसाहित्य अभिलेखागारात आहे. पण हुर्तच्या आधीच्या पिढीला एवढा धीर नव्हता. शेजारच्या फिनलंडमध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य 1835 साली आलं, आणि आपल्याकडेही असं काही पाहिजे ही ओढ लागली. फेलमान नावाच्या डॉक्टराने देवांच्या सुंदर सुंदर कथा लिहिल्या. त्यातला गानदेव वानेमुइने हा ‘कालेवाला’तल्या व्हॅइनॅमोइनेनवरून बेतलेला. त्याचा मित्र क्रॉइट्झवाल्ड, हाही डॉक्टर, याने ‘कालेविपोएग’ हे राष्ट्रीय महाकाव्य सिद्ध केलं. 1857 ते 1861 या काळात ते छापून झालं. त्यात लोकगीतांचा धागा आहे, पण विणकर तो स्वतः. म्हणजे एस्टोनियन माणूस ज्याला ‘आमचं प्राचीन’ म्हणून मोठा होतो, त्यातला चांगला मोठा हिस्सा दोन जर्मन-शिक्षित डॉक्टरांच्या टेबलावर तयार झाला आहे. तज्ज्ञांना हे ठाऊक असतं. किविरॅह्कलाही ते पक्कं ठाऊक आहे.

याचा नमुना म्हणजे उत्तरेचा बेडूक. कादंबरीत हा प्रचंड उडता प्राणी जंगलवासीयांचा रक्षणकर्ता आहे. पूर्वी हजारो माणसं एकाच वेळी सापांच्या भाषेत हाक मारायची, मग तो आकाशातून यायचा आणि किनाऱ्यावर उतरलेल्या परकीयांचा फन्ना उडवायचा. आता हाक मारायला पुरेशी माणसंच उरली नाहीत, म्हणून तो कुठेतरी झोपलाय. वाचताना वाटतं ही जुनी दंतकथा असणार. हा बेडूक क्रॉइट्झवाल्डने 1866 साली छापलेल्या कथासंग्रहात सापडतो. पण तिथे तो राक्षस आहे! बैलासारखं धड, बेडकासारखे पाय, सापासारखी शेपटी. गावंच्या गावं उजाड करत हिंडतो, आणि एक तरुण मुलगा राजा सॉलोमनच्या अंगठीच्या बळावर त्याचा काटा काढतो. किविरॅह्कने खलनायक उचलून राष्ट्ररक्षकाच्या जागी बसवला आणि वर त्याला झोपवून टाकलं.

तो झोपलेला का, हे कळायला ‘कालेविपोएग’चा शेवट माहीत हवा. महाकाव्य या आशेवर संपतं की एक दिवस त्याचा नायक, म्हणजे कालेवचा पुत्र, घरी परतेल आणि आपल्या लेकरांचं भाग्य उजळेल. एस्टोनियन वाचकाच्या कानात हे बसलेलं असतं. त्याच्यासमोर किविरॅह्क असा त्राता ठेवतो जो घरीच आहे, जिवंत आहे, आणि तरी त्याला जागं करण्याएवढे गळे देशात उरलेले नाहीत. तुम्हाला शेवटची प्रकरणं नुसती उदास वाटली असतील. तिथल्या वाचकाला ती उदास तर वाटतातच, पण पाठ असलेल्या प्रार्थनेचा शेवट कुणीतरी उलटा म्हणावा तशी टोचतातही.

सापांच्या शब्दांचं काय? याला खरा आधार आहे. एस्टोनियन लोकपरंपरेत ‘सर्पशब्द’ नावाचे मंत्रच आहेत: साप चावू नये, चावला तर विष उतरावं म्हणून म्हणायचे. संकलनांमध्ये ते भरपूर सापडतात. किविरॅह्कने त्या मंत्राची भाषा केली. नुसती बोलायची नाही, हुकूम सोडायची भाषा. लेमेतने, म्हणजे कादंबरीच्या नायकाने, योग्य तो शब्द फुत्कारला की हरीण आपण होऊन येऊन मान पुढे करतं. पण मर्यादाही किती नेमक्या ठेवल्यात बघा: साळिंदरासारख्या काटेरी जाहकांवर, किड्यांवर हे शब्द चालत नाहीत, कारण ते मुळात मठ्ठ. आणि घोड्यांवरून आलेल्या लोखंडी माणसांवरही चालत नाहीत, कारण ते ही भाषा शिकलेलेच नाहीत. ज्याला समजतच नाही त्याच्यावर मंत्राचा अंमल कसला? क्रूसेडमध्ये एस्टोनियन का हरले, याचं लेखकाने दिलेलं हे उत्तर इतिहास म्हणून शून्य किमतीचं आहे, आणि कादंबरी म्हणून मला ते फार आवडतं.

इतिहास म्हणून शून्य, हे जरा स्पष्ट करते, कारण तुमचा तोही प्रश्न होता. कादंबरीत जंगलातले लोक शिकार करतात, लांडगिणींचं दूध पितात, आणि शेती-भाकरी ही गावात गेलेल्यांची परदेशी फॅशन आहे. प्रत्यक्षात जर्मन आले तेव्हा एस्टोनियन लोक हजाराहून जास्त वर्षं शेती करत होते. त्या काळाचा डोळ्यांदेखतचा वृत्तान्त आहे, हेन्री नावाच्या मिशनरी धर्मोपदेशकाने लॅटिनमध्ये लिहिलेला. त्यात वस्तीची गावं आहेत, गुरंढोरं आहेत, मातीचे-लाकडाचे गढकोट आहेत, आणि सारेमा बेटावरचे दर्यावर्दी लुटारूही आहेत. लांडग्यांच्या पाठीवरून हिंडणारे शिकारी मात्र नाहीत.

मग लेखकाला हे माहीत नव्हतं का? अर्थात होतं. भाकरी ही एस्टोनियात जवळजवळ देवाच्या जागी आहे. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी जमिनीवर पडली तर उचलून तिची माफी मागायची, जेवणाऱ्याला ‘भाकरी पुरू दे’ म्हणायचं, असा तिथला रिवाज. कष्टाळू शेतकरी, त्याची जमीन, त्याची भाकरी हा राष्ट्राच्या प्रतिमेचा गाभा. किविरॅह्कने अगदी तिथेच बोट घातलंय: ही तुमची पवित्र भाकरी म्हणजे परकीयांचं अनुकरण होतं, खरे पूर्वज ती थूथू करायचे. लेमेत पहिल्यांदा भाकरी चाखतो तो प्रसंग पुन्हा काढून वाचा. जिच्यासाठी लोक जंगल सोडून जातात ती ही कोरडी, बेचव वस्तू? त्याला कळतच नाही यात एवढं काय आहे. आपण ते नुसतं विनोदी म्हणून वाचतो. तिथे ते वाचताना कुणाची तरी आजी अस्वस्थ होत असणार.

इथवर वाचून वाटेल की लेखक जंगलाच्या बाजूचा आहे. अनेकजण तसंच वाचतात, आणि मग अर्ध्यावर अडखळतात ते उल्गासपाशी.

उल्गास हा पवित्र राईचा, म्हणजे देवराईचा, पुजारी. झाडाझाडात आत्मे आहेत, त्यांना बळी हवेत, परंपरा मोडली म्हणून संकट आलं, असं त्याचं अखंड पालुपद. एस्टोनियात पवित्र राया खरोखर होत्या आणि आहेत. हेन्रीच्या वृत्तान्तात तारापिता या देवाची डोंगरावरची सुंदर राई आहे, आणि धर्मोपदेशकाने तिथल्या मूर्ती तोडल्याचंही लिहिलंय. आज या राया जपणारे, जुना ‘मातीचा धर्म’ पुन्हा आचरणारे लोकही तिथे आहेत. म्हणजे राष्ट्राभिमानी कादंबरीत हा पुजारी शहाणा, तपस्वी वगैरे असायला हवा. किविरॅह्क त्याला भोंदू करतो, आणि भोंदूपासून खुनीपर्यंत नेतो. लेमेतच्या मामाला, वोतेलेला, हे आत्मेबित्मे मान्यच नाहीत. सापांशी बोलता येतं, हे त्याच्या लेखी रोजच्या व्यवहारातलं ज्ञान. आत्मे ही ते ज्ञान विसरलेल्यांनी काढलेली पळवाट.

यातला सगळ्यात अंगावर येणारा प्रसंग म्हणजे हियेचा बळी द्यायची तयारी. हिये ही तांबेतची मुलगी. तांबेत कट्टर परंपरावादी. पोरीला लांडगिणीचं दूध सोसत नाही तरी जबरदस्तीने पाजतो, कारण आपले पूर्वज पीत. उल्गास सांगतो की आत्मे मुलीचं रक्त मागतायत, आणि बाप तयार होतो. परंपरा वाचवायला परंपरेतली शेवटची तरुण मुलगी कापायची! जंगलात लग्नाच्या वयाची मुलं उरलीत किती, याचा हिशेब कुणी करत नाही. हा प्रसंग वाचल्यावर ‘लोप पावणाऱ्या संस्कृतीचा शोक’ हे वर्णन अपुरं का पडतं ते कळेल. संस्कृती बाहेरून मारली जातेय हे खरं, पण तिचे स्वयंघोषित राखणदार आतून तिला जास्त वेगाने मारतायत.

आणि मग आहेत पिर्रे आणि रॅक. मला ही दोघं पुस्तकातली सगळ्यात हुशार योजना वाटते. ही माणसाच्याही आधीची, केसाळ वानरमानवांची जोडी. त्यांच्या मते कपडे घालणं हाच मुळात ऱ्हास. जंगलातले लोक जी परंपरा म्हणून छातीशी धरतात ती त्यांना कालपरवाची थेरं वाटतात. ती दोघं उवांची पैदास करतात, निवडून निवडून, अगदी अवाढव्य ऊ तयार होईपर्यंत, कारण ही त्यांची खरीखुरी पुरातन विद्या. पुढे पुढे ती गुहाही नाकारून झाडावर राहायला जातात. उल्गास ज्या टोकाला उभा राहून ‘मी सर्वांत जुना’ म्हणतो, त्याच्या मागे लेखकाने आणखी एक टोक काढून दाखवलं. त्यामागेही असेल एखादं. अस्सल म्हणून जिथे थांबावं अशी पायरी या पुस्तकात कुठेच नाही.

मग लेखक कुणाच्या बाजूचा? माझं वाचन असं: तो माणसांच्या बाजूचा आहे, गटांच्या नाही. वोतेले मामा, लेमेतची खाऊ घालून घालून जीव नकोसा करणारी आई, इंट्स ही नागीण, खुद्द हिये यांच्याबद्दल त्याच्या मनात माया आहे. पण ‘आम्ही जंगलवाले’ किंवा ‘आम्ही सुधारलेले’ असं बोलायला कुणी तोंड उघडलं की लेखणी तिरकी झालीच. टर उडवणं आणि शोक करणं इथे एकाच वेळी चालतं, आणि दोन्ही खरं आहे. जे गेलं ते सुंदर होतं, याबद्दल त्याला शंका नाही. सापांची भाषा एकदा शिकलेला लेमेत ती बोलायला समोर कुणी नाही म्हणून आतून करपत जातो, ते खोटं खोटं लिहिलेलं नाही. जेमतेम तेरा लाख लोकसंख्येच्या देशातला लेखक आहे, भाषा मरण्याची भीती त्याला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही. पण शोक करता करता खोटा पूर्वज उभा करायचा नाही, एवढं पथ्य तो पाळतो. (तुमचं मत वेगळं असू शकतं. माझ्या वर्गातली काही मुलं हे पुस्तक सरळसरळ निराशावादी आहे असंच म्हणतात, आणि शेवटाकडचा रक्तपात पाहता त्यांना गप्प बसवता येत नाही.)

लोकसाहित्य त्याने जास्त घट्ट वापरलंय ते आधीच्या कादंबरीत, ‘रेहेपाप ऊर्फ नोव्हेंबर’मध्ये, 2000 सालच्या. तिच्यावरून राइनर सार्नेतने 2017 मध्ये ‘नोव्हेंबर’ हा कृष्णधवल चित्रपट केला. तो मिळाला तर आधी बघा. रेहेपाप म्हणजे जहागिरीच्या खळ्याच्या कोठाराचा राखणदार. तिकडच्या दमट हवेत कणसं उन्हात वाळत नाहीत, म्हणून बंद कोठारात भट्टी पेटवून रात्रभर धूर-धग द्यायची आणि मग मळणी करायची. रात्री एकटा आगीपाशी जागणारा माणूस, त्यामुळे लोककथेत सैतान त्याच्याचकडे येतो. एका प्रसिद्ध कथेत तो सैतानाला ‘डोळे ओतून देतो’ म्हणून वितळलेलं शिसं ओततो आणि नाव विचारल्यावर ‘स्वतः’ असं सांगतो. मग सैतान बोंबलत जातो की हे स्वतः केलं, आणि ऐकणारे हसतात. हा असा चतुर माणूस.

कादंबरीचे भाग नोव्हेंबर महिन्यातल्या तारखांप्रमाणे पाडलेत. त्या ओल्या, काळ्या महिन्यात एका गावातले वेठबिगार जहागीरदाराला लुटतात आणि एकमेकांनाही लुटतात. चोरी करायला त्यांच्याकडे क्राट असतात. क्राट हा शंभर टक्के लोकपरंपरेतला: जुनी अवजारं, काठ्याकुठ्या, गवत बांधून बाहुला करायचा, सैतानाला रक्ताचे तीन थेंब द्यायचे, की तो जिवंत होऊन मालकासाठी दुसऱ्याचं धान्यधुन्य पळवून आणतो. त्याला सतत काम लागतं, नाहीतर मालकावरच उलटतो. आपल्याकडच्या गोष्टीत काम संपलं की भुताला खांबावर चढ-उतर करायला लावतात. तिकडे क्राटला पावाची शिडी करायला सांगतात, आणि त्या अशक्य कामात तो पेटून जातो. किविरॅह्कचे गावकरी तर सैतानालाही फसवतात. रक्ताच्या जागी बेरीचा रस पिळतात! तसंच चर्चमधल्या प्रसादाचं. ती पवित्र वडी गिळायची नाही, तोंडात धरून बाहेर आणायची आणि बंदुकीत घालायची, म्हणजे नेम चुकत नाही. प्रसादाचे असे जादूटोण्याचे उपयोग लोकपरंपरेत खरोखर सांगितले जात. महामारी येते तेव्हा लोक डोक्यावर विजारी चढवून झोपतात, म्हणजे रोगाला डोकं कुठलं ते कळूच नये.

म्हणजे बघा, श्रद्धा इथे भव्य, गूढ वगैरे नाही. ती मीठ-मिरचीसारखी वापरात आहे. देव, सैतान, येशू, मेलेले पूर्वज, सगळ्यांशी देवघेव, आणि देवघेवीत शक्य तेवढी लबाडी. ‘सातशे वर्षांचे गुलाम’ म्हणून ज्यांच्यावर अश्रू ढाळायचे, ते इथे जहागीरदाराच्या कोठीत शिरून खाऊ समजून साबण खातात आणि पोट धरून लोळतात. एस्टोनियन वाचकांनी स्वतःला यात इतकं ओळखलं की असल्या छोट्या-मोठ्या हातचलाखीला तिथे ‘रेहेपापपणा’ म्हणायची रीत पडली. आणि मधेच एक बर्फाचा क्राट येतो. पाणी जगभर फिरून आलेलं असल्यामुळे त्याला दूरदेशीच्या प्रेमकथा माहीत असतात. त्या तो मुकादम हान्सला सांगत बसतो आणि वितळून जातो. परंपरेत क्राट बर्फाचा नसतो. ही भर शुद्ध लेखकाची, आणि पुस्तकातला सगळ्यात कोवळा भागही तोच.

खरा इतिहास हवा असेल, तर किविरॅह्क तुमचा लेखक नव्हे. यान क्रॉस हा एस्टोनियन कादंबरीकार वाचा, आणि ‘झारचा वेडा’ या कादंबरीपासून सुरुवात करा. तिचा नायक तिमोथेउस फॉन बॉक हा लिव्होनियातला (आजचा दक्षिण एस्टोनिया आणि उत्तर लाटविया) खराखुरा जर्मन उमराव. शेतकऱ्याची मुलगी एवा हिच्याशी त्याने लग्न केलं, आणि 1818 मध्ये झार अलेक्झांडरला राज्यकारभाराची सालटी काढणारं पत्र लिहिलं. नऊ वर्षं तुरुंग, मग ‘वेडा’ ठरवून घरी नजरकैद. क्रॉसने हे एवाच्या भावाच्या रोजनिशीतून सांगितलं आणि 1978 साली, सोव्हिएत अमलाखाली, छापून आणलं. स्वतः क्रॉस आधी जर्मनांच्या आणि मग सोव्हिएत तुरुंगात राहून, सायबेरियात वर्षं काढून 1954 मध्ये परतलेला. सत्तेला खरं सांगणाऱ्याला वेडा ठरवतात, हे त्या काळी कुणाबद्दल लिहिलं ते वाचकांना सांगावं लागलं नाही. क्रॉसला इतिहास गंभीरपणे आणि कागदपत्रांनिशी हवाच होता, कारण तो आडून बोलायची एकमेव जागा होती. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा किविरॅह्क एकवीस वर्षांचा. त्याला आडून बोलायची गरज राहिली नाही, आणि ‘आपला उज्ज्वल इतिहास’ आता सरकारी भाषणात येऊन बसला होता. त्याची तिरकी नजर मला त्या पिढीची वाटते. त्याने वर्तमानपत्री सदरं आणि मुलांसाठी भरपूर लिहिलंय, ते त्याच्या गद्यात जाणवतं: वाक्य लहान, चेहरा गंभीर, आणि कितीही अचाट गोष्ट असली तरी शेजारच्या घरची बातमी सांगितल्यासारखी.

आता तुमच्या देवचारांबद्दल. किविरॅह्ककडून उचलायचीच असेल, तर ही शेजारच्या बातमीची पद्धत उचला. बर्फाचे पुतळे आणि उडते बेडूक तिकडेच राहू द्या. नवशिक्या लेखनात देवचार धुक्यात उभा असतो, कंदील विझतो, कुत्री रडतात. खरं तर गावात राखणदाराचा हिशेब अगदी रोखठोक असतो. वर्षाला कोंबडा किती, रोट किती, नारळ कुणी द्यायचा, वहाणा झिजल्या की नव्या कुणी ठेवायच्या, वाटण्या झाल्यावर हा मान कुठल्या भावाकडे गेला, मुंबईचा भाऊ पैसे पाठवतो का, आणि जमीन विकली तर राखणदार जमिनीबरोबर जातो की घराण्याबरोबर राहतो. गावी जाऊन हे विचारा आणि मिळेल ते तारीखवार लिहून ठेवा. किमान दोन घरांतून एकच गोष्ट ऐका, कारण ती दोन घरांत दोन तऱ्हेने सांगितली जाते आणि कादंबरी त्या फरकात सापडते. छापील संग्रहातली कथा घेतलीत तर ती कुणी, केव्हा, कुणाकडून ऐकून लिहिली ते आधी बघा. त्यानंतर तुमच्या पदरची भर बेधडक घाला. फक्त ती कुठली, हे तुम्हाला स्वतःला पक्कं माहीत असू द्या. वाचकाला सांगायची गरज नाही.